आई खाली आहे

पडदा वर जातो तेव्हा समोर एक गॅलरी दिसते. सरोजिनी नगरातल्या सरकारी क्वार्टरची, पहिल्या मजल्यावरची, हिरवा रंग उडालेल्या गजांची. गजांवर टॉवेल वाळतोय, कोपऱ्यात डालड्याच्या डब्यात कढीपत्ता लावलाय. वेळ संध्याकाळची. मागून बाजाराचा गलका येतोय. खाली रस्त्यावर एक बाई भाजीची पिशवी घेऊन उभी आहे, मान वर करून. जिन्याच्या तोंडाशी जाळीचं दार आहे आणि माकडांच्या भीतीने त्याला कायम कुलूप असतं. बाई हाक मारते, "मानस, आई खाली आहे रे." शेजारची पंजाबी म्हातारी खिडकीतून डोकावते आणि रोजच्यासारखं विचारते, "कौन आई?" वर एक मुलगा गजांशी येतो. तो उत्तर देत नाही, कारण त्याला पहिला शब्द बाहेर काढायला वेळ लागतो आणि खाली उभ्या बाईला ते ठाऊक आहे. तो रुमालात बांधलेली किल्ली सोडतो. बाई ती पदरात झेलते. प्रवेश संपला.

हा प्रवेश दीनानाथ वाळिंबे यांनी ऑफिसातून आल्यावर आतल्या खोलीत बसून वर्षानुवर्षं ऐकला आणि एकदाही लिहिला नाही.

लिहीत तर ते होते. साताऱ्याहून बासष्ट साली दिल्लीला आले, एका मंत्रालयात कारकून म्हणून चिकटले, आणि एकाहत्तरपासून सरोजिनी नगरच्या मराठी मंडळाचं गणपतीतलं नाटक दर वर्षी त्यांच्याच हातचं. त्यांची पद्धत कुठल्याच नाटककाराची नव्हती, ती शिंप्याची होती. आषाढ लागला की काखेत एक लांबट वही घेऊन ते घरोघर फिरायचे. चहा घ्यायचे, गप्पा मारायचे, आणि बाहेर पडल्यावर जिन्यात उभं राहून वहीत माप टिपायचे. कोणाला सलग किती वाक्यं पाठ होतात, कोणाला रडता येतं, कोणाचं पोट पुढे आलंय, कोणाचं कोणाशी पटत नाही. 'मिसेस गोगटे, तीन वाक्यं, तीही बसून.' 'नरसिंह, उंच, पण ळ म्हणता येत नाही, ळ नसलेली वाक्यं द्यावीत.' आणि खरोखर ते पानामागून पान ळ नसलेलं लिहायचे. प्रेक्षकांचंही माप त्यांच्याकडे होतं. गणपतीत कोणी मरायचं नाही, पोरं मांडीवर झोपायच्या आत सगळ्यांची लग्नं जुळायची, आणि शेवटच्या हशावर आरतीचं तबक आत यायचं.

त्यांना याची लाज नव्हती आणि ती असायचं कारणही नव्हतं. दिवसभर ऑफिसात 'हाँ जी, हाँ जी' करून आलेली माणसं त्या एका तासात आपल्या भाषेत हसायची. माहेरी दहा दिवस राहून दिल्लीला परतताना रडणाऱ्या सुना त्या तासात रडणं विसरायच्या. मंडळाचे अध्यक्ष भाऊसाहेब म्हणायचे, "आमच्याकडे रेडिमेड नाटक चालत नाही. आमचा घरचा टेलर आहे."

आता शहाऐंशी सालाकडे यायला हवं. दीनानाथ त्या सालाकडे येताना नेहमी रस्ता बदलायचे.

त्यांचा मुलगा मानस तेव्हा सतरा वर्षांचा होता. अडखळायचा. दुकानात साखर मागता येत नसे म्हणून चिठ्ठी लिहून न्यायचा. त्या वर्षी नायकाच्या मित्राचं काम करणारा माणूस बदली होऊन गेला, म्हणून तालमीपुरतं कोणीतरी वाचावं म्हणून मानसला उभं केलं. आणि काय झालं, तर पोरगा धडाधड बोलला. पाठ केलेलं वाक्य, दुसऱ्याचं नाव, समोर अंधार, की त्याची जीभ मोकळी सुटायची. अरुणाताई, त्याची आई, त्या दिवशी तालमीच्या खोलीबाहेर चपला घालायच्या विसरून तशाच घरी गेल्या. पोरगा रोज तालमीच्या अर्धा तास आधी जाऊन खुर्च्या मांडायला लागला.

नाटकाला आठ दिवस राहिले तेव्हा भाऊसाहेबांनी सांगितलं की दुसरा अंक पडतोय, हशे कमी आहेत, काहीतरी घाला. दीनानाथ घरी आले आणि एका बैठकीत त्यांनी त्या मित्राचा पोस्टमन केला. त्याला नाव दिलं गणपत अडखळे. वही काढून त्यात लिहिलं, 'मानस. अडखळतो. हशा.'

मानसने कागद वाचला, आईकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, आणि काम केलं. असं केलं की मांडवात लोक खुर्च्यांवरून घरंगळले. त्यानंतरची पाच वर्षं सरोजिनी नगरात त्याला कोणी मानस म्हटलं नाही. "काय अडखळे, कॉलेज सुटलं?" लोक प्रेमानेच म्हणायचे, ते काही खोटं नाही. तो पुन्हा तालमीच्या खोलीत गेला नाही. चिठ्ठ्या वाढल्या. आणि एक्क्याण्णवच्या जुलैत, सगळा देश नव्या बाजाराच्या गोष्टी करत होता तेव्हा, शेवटची चिठ्ठी पोळ्यांच्या डब्याखाली सापडली. 'काम बघायला जातो. शोधू नका. पत्ता माझ्याकडे आहे, मी येईन.'

पोलिसांत गेले, वर्तमानपत्रात फोटो दिला, नात्यातल्यांकडे हिंडले. नंतर फक्त वाट पाहायची उरली, आणि वाट पाहणं क्वार्टरात राहून जमत होतं, कारण पत्ता त्याच्याकडे होता.

पण सरकारी क्वार्टर माणसाच्या नोकरीबरोबर संपतं. शहाण्णवला दीनानाथ निवृत्त झाले आणि मयूर विहारच्या सोसायटीत चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये गेले. नवी फरशी, नवी लिफ्ट, समोर आणखी सोसायट्यांचे सांगाडे. सामान ट्रकमध्ये चढत होतं तेव्हा अरुणाताई रिकाम्या गॅलरीत खिळा घेऊन बसल्या होत्या. भिंतीवर नवा पत्ता कोरत होत्या. पुढच्या महिन्यात सरकारी चुना लागला.

त्यानंतर दर मंगळवारी त्या दोन बस बदलून सरोजिनी नगरच्या बाजारात जायला लागल्या. पडदे बघते, म्हणायच्या, कधी मोजे बघते. पिशवी जशी जायची तशी परत यायची. एकदा त्यांची गोळी घरी राहिली म्हणून दीनानाथ मागोमाग गेले, तर त्या बाजारात नव्हत्याच. जुन्या क्वार्टरखाली, जाळीच्या दाराबाहेर, पिशवी धरून उभ्या होत्या. मान वर. वर कोणा नव्या कुटुंबाच्या पोरांचे युनिफॉर्म वाळत होते. बराच वेळ उभं राहून त्यांनी वरच्या बाईला नव्या पत्त्याची एक चिठ्ठी दिली. त्या क्वार्टरात दोनदा माणसं बदलली, दोनदा त्यांनी चिठ्ठी दिली होती. दीनानाथ हाक न मारता परत फिरले.

नव्व्याण्णव साली मयूर विहारच्या मंडळाने गणेशोत्सव दणक्यात करायचं ठरवलं. जुन्या मंडळातले बरेचजण तोवर तिथेच राहायला आले होते, भाऊसाहेबही, आणि साहजिकच तेच अध्यक्ष होते. वॉशिंग मशिनच्या दुकानवाल्याने मांडवाचा खर्च उचलला होता, त्याबदली पडद्यावर मशिनचं चित्र येणार होतं. भाऊसाहेब पेढे घेऊन आले आणि म्हणाले, दीनानाथ, यंदा आपलं ते पोस्टमनवालं करायचं. नवीन पिढीला दाखवू. स्वयंपाकघरात भांडं पडलं. भाऊसाहेब मनाने वाईट नव्हते. त्यांना फक्त हशा आठवत होता.

दीनानाथांनी नवं नाटक देतो म्हणून सांगितलं. कसं आहे, भाऊसाहेबांनी विचारलं. दीनानाथ म्हणाले, "माहीत नाही. यावेळी माप घेणार नाही."

"अरे यार दीनानाथ, लोक नोएडा नाहीतर गुडगाव करून घरी येतात, जीव अर्धा होऊन. त्यांना काय पाहिजे हे तुझ्याइतकं कोणाला कळतं?"

"कळतं म्हणून तर," दीनानाथ म्हणाले. "एकदा मला मोकळं लिहू द्या, भाऊसाहेब. पंचवीस वर्षं तुमच्या अंगाला बसेल तेच शिवलं. एक कपडा असा करू द्या, जो कोणालाच बसत नाही."

भाऊसाहेबांनी अर्धा तास दिला. अर्ध्या तासानंतर मात्र मिमिक्री.

नाटकात पात्र एकच. एक बाई रोज एका घराखाली येते आणि वर बघून बोलते. आज काय झालं, भाजी कशी मिळाली, तुझ्या शर्टाचं बटण शिवलं. वरून उत्तर येत नाही. शेवटी ती म्हणते, आई खाली आहे. किल्ली पडत नाही. पडदा. दीनानाथांनी ते एकवीस दिवसांत लिहिलं आणि अरुणाताईंना वाचून दाखवलं नाही. मांडवातच ऐकू दे, असं त्यांनी ठरवलं होतं. मांडवात पोराचं हसं झालं, तर मांडवातच त्याचं उत्तर द्यायचं, तिच्यादेखत. त्याखेरीज दुसरं काही करायला शिल्लक आहे असं त्यांना वाटत नव्हतं. वय एकसष्ट झालं होतं, छातीत कळ यायची, आणि हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं.

काम मिळालं वैभवीला. तेवीस वर्षांची, नोएडाच्या कॉम्प्युटर कंपनीत, जन्म दिल्लीचा. मराठी घरातलं, म्हणजे जेवण आणि देवापुरतं. सोसायटीच्या हॉलमध्ये टेबल टेनिसचं टेबल भिंतीला उभं करून त्यालाच गॅलरी मानली आणि तालमी सुरू झाल्या. पोरगी मनापासून करायची. फक्त शेवटच्या वाक्याला ती काहीतरी वेगळंच करायची. 'आई' म्हणून थांबायची, मग पिशवी हातातून सोडायची, दोन्ही तळवे उघडे पडायचे, आणि अगदी हळू म्हणायची, 'खाली आहे.'

चार दिवस दीनानाथांनी पाहिलं. पाचव्या दिवशी विचारलं की तळवे कशाला?

"काका, ती खाली आहे ना. म्हणजे बिल्कुल खाली. आत काहीच नाही उरलं."

दीनानाथांना समजायला क्षणभर लागला. मग ते खुर्चीत मागे रेलले आणि बऱ्याच दिवसांनी हसले. त्यांनी तिला समजावलं की बाई, तुझ्या हिंदीतली ती खाली, तिला आपण रिकामी म्हणतो. मराठीत खाली म्हणजे वर नाही ती. तळाशी. जिन्याच्या पायथ्याशी.

वैभवी ओशाळली. चार दिवस आपण चुकीच्या अर्थाने रडत होतो म्हणाली. आणि मग म्हणाली, "पण काका, मांडवातली सगळी पोरं माझ्यासारखंच ऐकणार. त्यांना रिकामीच कळेल. तर मग तसंच राहू दे ना. पब्लिक के लिए."

झालं. दीनानाथ असे चिडले की तबल्याच्या क्लासची पोरं दारातून डोकावली. पब्लिकसाठी मी हे लिहिलं नाही, ते म्हणाले. पब्लिकसाठी मी काय काय केलं ते तुला माहीत नाही. हे वाक्य मी लिहिलंय तसंच येईल, ज्याला कळेल त्याला कळेल. मान वर, आवाज मोठा, जिन्याखालून हाक मारतात तशी हाक. वैभवीने पिशवी उचलली आणि त्यांनी सांगितलं तसं केलं. ते बरोबर होतं, पण त्यात काही नव्हतं. दोघांनाही ते दिसलं.

शनिवार आला. बागेत मांडव, पुढे सतरंजीवर पोरं, मागे खुर्च्या. अरुणाताई तिसऱ्या रांगेत, मोतिया रंगाची साडी नेसून. दीनानाथ विंगेत. भाऊसाहेबांनी माईक घेतला आणि जुन्या सवयीने, खऱ्या कौतुकाने सांगितलं, आपले लाडके दीनानाथ परत आले आहेत, पोटं सांभाळा.

विंगेतून दीनानाथांनी हात हलवला, नाही, नाही म्हणून. लोकांना वाटलं नमस्कार करतात. टाळ्या पडल्या.

बाई आली, वर पाहिलं, आणि म्हणाली, आज फ्लॉवर चांगला मिळाला. लोक हसले. कोणीच दिसत नसलेल्या गॅलरीकडे बघून बाई बोलते, म्हणजे गंमत असणार, आता नवरा लुंगीत बाहेर येणार. बटणाचं वाक्य आलं, हशा. ती उत्तराची वाट पाहत थांबली, हशा. दीनानाथांना प्रत्येक हशा ओळखीचा होता. हा गोगट्यांचा, हा नरसिंहचा खोकल्यासारखा. यांना कुठे थांबलं की हसायचं हे शिकवलं कोणी? पंचवीस वर्षं पट्टी लावून, बेतून, टाके घालून त्यांनीच ते हसू शिवलं होतं आणि आता ते उसवत नव्हतं. बाई पुन्हा वर पाहून थांबली तेव्हा मागच्या रांगेतून कोणीतरी जुना सरोजिनी नगरवाला खुशीत ओरडला, "अरे अडखळे, किल्ली टाक!"

मांडव कोसळला. दीनानाथांनी विंगेच्या बांबूला धरलं. तिसऱ्या रांगेत अरुणाताई पुढे बघत होत्या, जसं वाऱ्यात डोळे उघडे ठेवतात तसं.

वैभवी थांबली होती. तिला अडखळे कोण ते माहीत नव्हतं. तिने विंगेत पाहिलं, म्हातारा बांबूला धरून उभा होता, त्याची मान नाही म्हणत होती. ती पुन्हा समोर वळली. मधली दीड पानं तिने सोडून दिली. 'आई' म्हणाली, आणि थांबली. पिशवी खाली पडली. तळवे उघडे झाले. "खाली आहे."

आधी सतरंजी शांत झाली. पोरांना त्या शब्दाचा एकच अर्थ येत होता. ती टकामका त्या उघड्या हातांकडे बघत राहिली. पोरांकडे बघून आया गप्प झाल्या. हसू पुढून मागे रांगेरांगेने विझत गेलं, नीट नाही, ठिकठिकाणी. मागे शेवटपर्यंत एक माणूस हसत होता, मग त्याला कळलं की आपण एकटे आहोत. टाळ्या वाजल्या नाहीत. पडदा पडताना त्यावरचं वॉशिंग मशिन हललं आणि भाऊसाहेबांनी घाईघाईने मिमिक्रीवाल्याला बोलावलं.

तिसऱ्या रांगेतली खुर्ची रिकामी होती.

अरुणाताई दीनानाथांना फाटकाशी भेटल्या. दोघं लिफ्टने वर गेले. घरात आल्यावर अरुणाताईंनी साडीची पिन काढली, टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "तुम्ही भाऊसाहेबांना सांगितलंत, माप न घेता लिहिलंय."

दीनानाथांनी मान हलवली.

"एकाच माणसाच्या मापाचं होतं ते. आणि तो मांडवात बसलेला नव्हता." आणि पाण्याचा तांब्या भरता भरता, पाठमोऱ्या, "तेव्हा लिहायला हवं होतं. तो पोस्टमन लिहिलात त्या दिवशी."

पुढच्या मंगळवारी त्या निघाल्या तेव्हा तेही चपला घालून दारात उभे होते. दोन बस बदलून दोघं गेली. क्वार्टरखाली उभी राहिली. आता वर तिसरं कुटुंब आलं होतं. अरुणाताईंनी चिठ्ठी दिली. नव्या बाईने विचारलं, "बेटा आपका बोलेगा क्या, आके? पहचानेंगे कैसे?" दीनानाथ म्हणाले की तो बोलणार नाही, वेळ लागेल त्याला, जरा थांबा म्हणजे झालं. सहा मंगळवार ते असे गेले. सातव्याला बसची पायरी चढवेना.

थंडीत ते हॉस्पिटलात होते. छातीचं सगळ्यांना कळलं होतं. मानसचं काहीच कळलं नव्हतं, आणि ते आता कळणार नाही हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. वैभवी ऑफिसातून परस्पर यायची. दोन मराठी मुलींना घेऊन, बाईचं काम आळीपाळीने करत, तेच नाटक ती दिल्लीच्याच द्वारका भागातल्या एका नव्या सोसायटीत करणार होती, वीस-पंचवीस माणसांसमोर. दीनानाथांनी तिला उशाखालची लांबट वही दिली. ती पानं उलटत गेली, ळ नसलेल्या नरसिंहला हसली, आणि एका पानावर येऊन थांबली. तीन शब्दांचं पान होतं. तिने वही मिटली. अरुणाताई खिडकीशी संत्रं सोलत होत्या, त्यांनी वळून पाहिलं नाही.

मग वैभवीने पिशवीतून नाटकाचे कागद काढले आणि विचारलं की शेवटच्या वाक्याचं काय करायचं? खाली म्हणजे तुमचं खाली की माझं? बाकीच्या मुलींसाठी समासात अर्थ लिहून ठेवू का?

दीनानाथांना बोलायला वेळ लागला. पहिला शब्द ओठांशी येऊन दोनदा परत गेला. दुसऱ्या दिवशी पहाटे ते गेले, आणि मधल्या वेळात ते कोणाशी काही बोलले नाहीत, त्यामुळे त्यांचं शेवटचं बोलणं हेच. आवाज अगदी बारीक होता, पण तालमीत सांगत तसाच.

"अर्थ लिहू नकोस. ज्याला जो ऐकू येईल तो येऊ दे. फक्त जरा मोठ्याने म्हण, बाळ. तो लांब बसलाय."